भाड्याच्या घराला काय न्यावं?



मागच्या दिवाळीनंतर माझ्या भाचीनं खामगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाची नर्स आहे. जावई कामासाठी सुरतेला, पोरगी चार वर्षांची. सामान लागल्यावर तिनं दूध उतू घातलं, सत्यनारायण केला आणि जवळच्या पंधरावीस जणांना जेवायला बोलावलं. सगळे आनंदानं आले, कोणीही रिकाम्या हातानं आलं नाही. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी आहेर आवरायला बसलो. चार भिंतीवरची घड्याळं निघाली. देवाच्या मोठ्या तसबिरी तीन. एक काचेचं ताजमहाल. एक भलामोठा डिनर सेट. भाची हसतच म्हणाली, "मावशी, घरमालकीणबाईंनी खिळा ठोकायचा नाही म्हणून बजावलं आहे. मग ही चार घड्याळं मी लावू कुठं? हातात धरून बसू?"

हसण्यावारी गेलं. पण त्याच रात्री नळ आला, तेव्हा पाणी भरायला तिच्याकडं एक बादली आणि दोन पातेली होती. डिनर सेटच्या खोक्यात पाणी भरता येत नाही, मैत्रिणींनो.

म्हणून आज हाच विषय घेतला आहे. एखादी मैत्रीण, बहीण, सून, शेजारीण भाड्याच्या घरात राहायला गेली, तर तिला काय न्यावं? विषय लहान वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात मुलांच्या शिक्षणासाठी बुलढाण्यात खोली घेऊन राहणारी आई असते, बदली झालेली शिक्षिका असते, एसटीतली वाहक असते, बाजारपेठेच्या गावात दुकानावर कामाला लागलेली मुलगी असते. त्यांच्या पहिल्या महिन्याचा ताण कमी करायचा की वाढवायचा, हे आपल्या पिशवीत काय आहे त्यावर ठरतं.

भाड्याचं घर वेगळं कुठं असतं?

आपली आहेराची रीत स्वतःच्या घराची आहे. वास्तुशांत झाली की भिंत आपली, ओटा आपला, अंगण आपलं. तिथं दिलेली वस्तू वीस वर्षं त्याच खुंटीवर राहते. भाड्याच्या घरात चार गोष्टी निराळ्या असतात.

एक, भिंत तिची नाही. खिळा, ड्रिल, रंग, सगळ्याला परवानगी लागते. दुसरं, घर हलतं. भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा असतो. तो पुन्हा होईलच याची खात्री नसते, आणि झाला नाही तर सगळा संसार एका छोट्या हत्तीत बसवून न्यावा लागतो. तिसरं, जागा कमी. पलंगाखालची जागासुद्धा मोजून वापरावी लागते. आणि चौथं, जे आपण विसरतो, ते म्हणजे तिचा हात त्या महिन्यात सगळ्यात तंग असतो. डिपॉझिट दिलेलं असतं, आगाऊ भाडं दिलेलं असतं, टेम्पोचं भाडं दिलेलं असतं. त्या वेळी शंभर रुपयांची बादलीसुद्धा पुढच्या महिन्यावर ढकलली जाते.

म्हणून वस्तू घेण्याआधी दुकानात उभं राहून मनाशी तीन प्रश्न विचारा. ही वस्तू खिळा न ठोकता वापरता येईल का? घर बदलताना सहज बांधून नेता येईल का? आणि ही नसती तर तिला याच महिन्यात विकत घ्यावी लागली असती का? तिन्हींना "हो" आलं की डोळे झाकून घ्या.

आधी पाणी

आपल्याकडं पहिली भेट पाण्याची. आपल्या किती गावांत नळ रोज येतो? उन्हाळ्यात तर आठ-आठ, दहा-दहा दिवसांचा खाडा पडतो. हिशेब करून बघा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज सहा-सात लिटर धरलं, तर तीन माणसांना आठ दिवसांला दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी लागतं. धुणं, आंघोळ, भांडी वेगळी.

इतकं पाणी लागतं म्हणून दोनशे लिटरचा एकच ड्रम घेऊ नका. तो भरला की दोनशे किलोचा होतो. एकट्या बाईला तो हलवता येत नाही, तिरपा करून घासता येत नाही, आणि वरच्या मजल्यावर घरमालक ठेवू देतीलच असं नाही. त्यापेक्षा पन्नास-पन्नास लिटरच्या घट्ट झाकणाच्या दोन-तीन टाक्या बऱ्या. खाली तोटी असेल तर आणखी चांगलं. बाजारात स्वस्तात मिळणारे जुने निळे ड्रम मात्र पिण्याच्या पाण्यासाठी मुळीच नेऊ नका. त्यात आधी कोणतं रसायन होतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

झाकण घट्टच हवं. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायला सांगतात. टाकी लहान असली की हा कोरडा दिवस पाळता येतो. सोबत लांब दांड्याचं ओगराळं द्या, म्हणजे लेकरांचे हात पाण्यात बुडत नाहीत. पन्नास-साठ रुपयांची वस्तू, पण पोट बिघडण्यापासून वाचवते.

घाटाखालच्या मैत्रिणींसाठी एक वेगळी गोष्ट सांगते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथं बोअरचं पाणी खारट असतं. हा खार पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की क्षार जास्तच दाट होतात. तुरटीनं गाळ बसतो, खार जात नाही. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनंही जात नाही. भिंतीवरचं आरओ मशीन खार काढतं, पण त्याला नळाची जोडणी, वीज आणि भिंतीला भोकं लागतात. म्हणजे भाडेकरूच्या कामाचं नाही. तिथं लोक पिण्याचं पाणी जारनं आणतात. मग तिला भेट काय न्यायची? जार ठेवायचं लोखंडी स्टँड, किंवा जारच्या तोंडावर बसवायचा हातानं दाबायचा पंप. वीस लिटरचा जार रोज उचलून वाकडा करणाऱ्या बाईच्या कंबरेला विचारा, या भेटीची किंमत काय ते.

स्वयंपाकघर

नव्या गावात राहायला गेलेल्या बाईची पहिली अडचण गॅस. पत्त्याचा पुरावा नसला की कनेक्शन अडतं. अशा वेळी पाच किलोची छोटी टाकी कामाला येते. ती गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोलपंपांवरही ओळखपत्र दाखवून मिळते, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. दोघी-तिघींनी मिळून ती भरलेली टाकी दिली, तर बाहेरच्या डब्याचा खर्च वाचतो.

कनेक्शन असेल तर गॅसची नळी द्या. हो, नळी! नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय शिक्क्याची. ती पाच वर्षांनी बदलायची असते, आणि जुनी शेगडी घेऊन घर बदलणाऱ्या कितीतरी जणी दहा वर्षांची कडक झालेली नळी तशीच पुढं नेतात. नळीसोबत एका कागदावर मोठ्या अक्षरात १९०६ लिहून ओट्याजवळ चिकटवून या. गॅस गळतीची तक्रार करायचा हा क्रमांक आहे.

कुकर द्यायचा असेल तर दोन-तीन माणसांना तीन लिटरचा पुरतो. १ फेब्रुवारी २०२१ पासून कुकरवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, तो बघूनच घ्या. ज्या कंपनीची रिंग आणि शिट्टी तिच्या गावात मिळते तीच कंपनी घ्या, आणि एक जादा रिंग सोबत द्या. रिंग फाटली की कुकर मांडणीवर जाऊन बसतो, आणि डाळ शिजायला तासभर गॅस जळतो.

मांडणीवरून आठवलं. भिंतीला ठोकायची मांडणी नको, जमिनीवर उभी राहणारी घडीची मांडणी द्या. चिकटवायचे हुक गुळगुळीत फरशीवर टिकतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर ते दुसऱ्या दिवशी खाली येतात आणि येताना रंगाचा पोपडा घेऊन येतात. तो पोपडा शेवटी तिच्या डिपॉझिटमधून कापला जातो.

स्टीलची भांडी द्यायला हरकत नाही. पण एकात एक बसणारे डबे द्या, नेताना जागा कमी लागते. आणि भांड्यावर नाव टाकायचंच असेल तर तिचं टाका, आपलं नको. एका अंगणात चार भाडेकरू असले की भांडी इकडची तिकडं होतात, तिथं तिच्या नावाचा उपयोग होतो.

घाटाखालचं ऊन, घाटावरची थंडी

आपला जिल्हा एक असला तरी हवा दोन आहेत. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याला पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा बुलढाण्यात घाटावर जरा बरं असतं. हिवाळ्यात उलट, घाटावरची पहाट हाडात शिरते.

घाटाखाली राहायला जाणारीला उन्हाळ्याच्या तोंडावर नळाचा माठ आणि त्याचं स्टँड द्या. माठ टेम्पोत फुटेलही, पण तोवर एक उन्हाळा काढून देईल. तिच्याकडं जुना कूलर असेल तर कूलरचं नवं गवत ही उत्तम भेट आहे. जुनं गवत कुजलेलं असतं, वास येतो, हवा थंड होत नाही. गवत बदलून देताना तिला एक सांगा, कूलर चालू असताना पाणी भरायचं नाही, पत्र्याला हात लावायचा नाही, पिन तीन पायांचीच हवी आणि बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवून घ्यायचं. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतच असतात.

पंखा द्यायचा तर उभा किंवा टेबलावरचा. तो उचलून नेता येतो. ऐपत असेल तर बीएलडीसी मोटरचा घ्या. जुना छताचा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास खातो, हा तीस-पस्तीस वॅटवर चालतो. रोज दहा तास चालला तर महिन्याला बारा युनिट वाचतात. भाडेकरूला घरमालक सबमीटरवर युनिटमागं ठरलेला दर लावतात, त्यामुळं वाचलेलं प्रत्येक युनिट थेट तिच्या पदरात पडतं.

घाटावर जाणारीला गोधडी द्या. जुन्या नऊवारीची, आईच्या लुगड्याची. पैसे लागत नाहीत, चार दुपारी लागतात. अकरा महिन्यांनी टेम्पोत तीच गोधडी टीव्हीभोवती गुंडाळून नेता येते.

कुलूप आणि दिवा

आता दोन वस्तू सांगते, ज्या आहेरात कोणी आणत नाही.

पहिली कुलूप. भाड्याच्या खोलीला आधीच्या भाडेकरूचं कुलूप असतं, नाहीतर घरमालकाचं. त्याच्या चाव्या किती जणांकडं आहेत, कोणालाच माहीत नसतं. एकटी राहणारी बाई, दिवसभर कामावर जाणारी बाई, तिच्यासाठी तीन चाव्यांचं चांगलं कुलूप म्हणजे रात्रीची झोप. एक चावी तिची, एक घरातल्या दुसऱ्या माणसाची, एक विश्वासाच्या माणसाकडं. सोबत दाराच्या आतल्या कडीकडं नजर टाका. ढिली असेल तर घरमालकांना सांगून सुताराकडून बसवून द्या. हीसुद्धा भेटच आहे.

दुसरी वस्तू, वीज गेल्यावर आपोआप चालू राहणारा बल्ब. नेहमीच्याच होल्डरमध्ये बसतो, आत बॅटरी असते, वीज गेली तरी तीन-चार तास उजेड देतो. नव्या घरात अंधारात पायरी कुठं, मोरी कुठं, हे ठाऊक नसतं. लेकरं घाबरतात. असा एक बल्ब स्वयंपाकघरात लावून दिला की काम झालं, आणि घर सोडताना तो काढून नेता येतो.

केरसुणी नेताना लाजू नका. लक्ष्मीपूजनाला आपण तिचीच पूजा करतो. केरसुणी, सुपली, धुण्याची दोरी, चिमटे, पायपुसणं हे सगळं एका घमेल्यात भरून वरून हळदीकुंकू लावून दिलं, तर पाचशे रुपयांच्या आत पहिला आठवडा निघतो.

टिकणारी भेट

काही जणींना वाटतं, इतक्या साध्या वस्तू कशा द्यायच्या, मान राहत नाही. त्यांनी खामगावची चांदी द्यावी. आपल्या जिल्ह्यातल्या या रजतनगरीची चांदी शुद्धतेसाठी नावाजलेली आहे. एक लहानसं नाणं दिलं तरी ते कोणत्याही घरात मावतं, कोणत्याही टेम्पोतून जातं आणि अडीअडचणीला मोडता येतं. भाव परवडत नसेल तर पाकिटात रोख रक्कम द्या. रोख देण्यात कमीपणा नाही.

आणखी एक भेट कागदाची. शहरात भाड्यानं दिलेल्या घराचा करार लेखी असावा आणि तो नोंदवलेला असावा, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ मध्ये आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. भाड्याची पावती देणंही मालकाला बंधनकारक आहे. बऱ्याच जणींना हे ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असूनही विचारायची भीड वाटते. तुमच्या घरात कोणी जाणतं असेल तर तिच्यासोबत एक दिवस जा. करार आता ऑनलाइनही नोंदवता येतो. तो नोंदवलेला करार म्हणजे तिचा पत्त्याचा पुरावा. गॅस, बँक, सगळी कामं त्यावर पुढं सरकतात. सोबत एक जाड वही आणि प्लास्टिकची फाइल द्या, पावत्या ठेवायला.

विचारून द्या, मिळून द्या

"काय आणू?" हा प्रश्न विचारायला आपल्याला अवघड वाटतं. ती "काही नको गं, तू ये फक्त" असंच म्हणणार. म्हणून असं विचारा, "माझ्या यादीत टाकी, कुकर आणि कुलूप आहे. यातलं काय घेऊन झालं?" मग ती खरं सांगते.

बचत गटातल्या, भिशीतल्या दहा जणींनी दोनशे-दोनशे काढले तर दोन हजार होतात. दहा जणींचे दहा शोपीस नेण्यापेक्षा त्यात पाण्याच्या टाक्या, ओगराळं, कुलूप आणि बल्ब एवढं सगळं बसवता येतं. आणि पूजेच्या दिवशीच गेलं पाहिजे असं नाही. आठ दिवसांनी जा. तोवर तिला कळलेलं असतं, नळ किती वाजता येतो, मोरी कुठं तुंबते, खिडकीला पडदा का हवा. तेव्हा नेलेली वस्तू नेमकी लागू पडते.

मैत्रिणींनो, हा विषय मी का घेतला ते शेवटी सांगते. अठरा वर्षांपूर्वी माझे मालक गेले. सासरच्या घरात राहणं जमलं नाही. दोन लेकरं घेऊन मी चिखलीत एक खोली घेतली. पूजा केली नाही, कोणाला बोलावलं नाही, आणि कोणी आलंही नाही. बाईमाणसानं एकटीनं घेतलेल्या भाड्याच्या खोलीला कसला आला आहेर, असंच सगळ्यांच्या मनात असणार. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. हातात पाण्यानं भरलेला हंडा, काखेत कुलूप. म्हणाल्या, "पोरी, हंडा राहू दे तुह्यापाशी. अन् हे कुलूप लाव. आता हे तुहं घर."

त्या हंड्याचं बूड मी दोनदा बदलून घेतलं. चार घरं बदलली, हंडा सोबत आहे. खामगावला भाचीच्या घरी मी तोच नेला, आणि सोबत नवं कुलूप.

तुमच्या गल्लीत, तुमच्या वाड्यात अशी कोणी नवी भाडेकरू आली असेल, पूजा न घालता, पाहुणे न बोलावता, लेकरांसोबत मुकाट्यानं राहायला लागलेली, तर आमंत्रणाची वाट बघू नका. या आठवड्यात जा. हातात एक बादली असली तरी चालेल. भरून न्या.